साठीनंतर बीपी निघालाय? पहिल्या महिन्यात काय काय करायचं

आमच्या भागात साठी ओलांडलेली बरीच माणसं बीपीसाठी म्हणून दवाखान्यात जातच नाहीत. मोतीबिंदूच्या शिबिरात रांगेत बसलेली असतात, सिस्टर दंडाला पट्टा बांधतात, आकडा १८० च्या पुढं निघतो आणि "आधी बीपी कमी करून या" म्हणून परत पाठवलं जातं. कुणाचा दात काढायला गेल्यावर निघतो. कुणाचा आशाताई तिशीपुढच्या माणसांचे फॉर्म भरायला आल्या आणि त्यांनी उपकेंद्रात पाठवलं म्हणून कळतो. घरी आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मला तर काहीच होत नाही." ते खरंही असतं. बीपी दुखत नाही. मान आखडली म्हणजे बीपी वाढला आणि बरं वाटतंय म्हणजे उतरला, हा हिशेब गावोगाव चालतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. बीपी कळतो फक्त मोजल्यावर.

ज्यांचा बीपी नुकताच निघालाय त्यांच्यासाठी आणि त्यांच्या गोळ्या बघणाऱ्या घरातल्या माणसासाठी हे लिहितोय. बीड, धारूर, केजकडच्या घरांत मुलगा-सून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेले की ते माणूस म्हणजे शाळेत जाणारी नातही असू शकते. तिलाही जमेल असंच हे काम आहे.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

एकदाच मोजून बीपी आहे असं ठरत नाही. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याच्या वर येत असेल, नाहीतर घरी आठवडाभर मोजून सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर येत असेल, तर आहे असं धरतात. आकडा १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर मात्र आठवडाभर मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

म्हातारपणी एक वेगळाच प्रकार दिसतो. वरचा आकडा १७० आणि खालचा ७५. "खालचा चांगलाय ना, मग काही नाही" असं पारावर बसलेला कुणीतरी हमखास सांगतो. वयानं रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यामुळं वरचा चढतो आणि खालचा जागच्या जागी राहतो किंवा उतरतो. नुसता वरचा वाढलेला असला तरी लकव्याचा आणि हार्ट अटॅकचा धोका असतोच, आणि त्यावर उपचारही तसेच करावे लागतात.

आता मोजायचं कसं. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल घ्या, मनगटाचं नको. पट्ट्यावर दंडाच्या घेराचं माप छापलेलं असतं, बहुतेक साध्या पट्ट्यांवर २२ ते ३२ सेंटिमीटर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण आखूड पट्टा आकडा उगाच फुगवून दाखवतो. नवीन मशीन एकदा दवाखान्यात घेऊन जा आणि त्यांच्या मशीनशी ताडून बघा. नाडी ठोके चुकवत चालत असेल तर डिजिटल मशीनचा आकडा भरवशाचा राहत नाही. तसं काही दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ठोके चुकणं हे तपासून घेण्यासारखंच लक्षण आहे.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको, शेतातून चालत येऊन लगेच नको. लघवीला जाऊन या. मग पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. आपल्याकडं म्हातारी माणसं बाजेवर नाहीतर जमिनीवर मांडी घालून बसतात आणि तसंच मोजतात. पाठीला टेका नसला, पाय अधांतरी लोंबत असले किंवा मांडी घातलेली असली की आकडा वर जातो. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली तरी भागतं. दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर किंवा उशीवर, पट्टा छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवली की तीच दंड आवळते, तेव्हा सैल बाहीचा घालावा किंवा हात बाहीतून बाहेर काढावा. मोजताना बोलायचं नाही. "किती आला? किती आला?" असं बाजूच्यानंही विचारायचं नाही.

पहिल्या वेळी दोन्ही हातांचा मोजा. ज्या हाताचा जास्त येईल तोच हात पुढं कायम वापरायचा. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि संध्याकाळी तसंच दोनदा. असं सात दिवस करा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. आठवड्यानंतर रोज मोजायची गरज नसते. दिवसातून सहा-सात वेळा मोजणारी माणसं मी बघितलीत. आकडा बघून घाबरतात, आणि घाबरल्यामुळं पुढचा आकडा आणखी चढतो.

एक वही करा

दहा रुपयांची शंभर पानी वही पुरे. तारीख, वेळ, दोन आकडे, नाडीचे ठोके, गोळी घेतली का, आणि काही झालं असेल तर तेही: "चक्कर आली", "पायावर सूज", "लग्नात जेवलो". मागच्या पानावर सगळ्या गोळ्यांची नावं आणि मिलिग्रॅम, आणि कोणत्या डॉक्टरांनी कधी सुरू केली ते. ही वही प्रत्येक दवाखान्यात सोबत न्यायची. हाडाच्या डॉक्टरकडं, डोळ्याच्या डॉक्टरकडं, अगदी दाताच्या डॉक्टरकडंसुद्धा. बीपीच्या बहुतेक भानगडी एका डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरनं काय दिलंय ते माहीत नसल्यामुळं होतात, आणि माणसाला गोळीचं नाव आठवत नाही, "पांढरी बारकी" एवढंच आठवतं.

कुठं दाखवायचं

साध्या बीपीसाठी गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र पुरतं. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजतात आणि नोंद ठेवतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासणीचे पैसे लागत नाहीत, गोळ्याही तिथं मोफत मिळतात. तालुक्याला जायचं झालं तर पंचाहत्तरीपुढं एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि महिलांना कोणत्याही वयात अर्धं. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मानचं जे कार्ड निघतं ते भरती होण्याच्या खर्चासाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. तरी काढून ठेवा.

पहिल्याच महिन्यात काही तपासण्या करून घ्यायच्या असतात: रक्तातलं क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी. डोळ्याचा पडदाही बघून घ्यावा. मूत्रपिंडाची स्थिती कळल्याशिवाय पुढं काही गोळ्या देता येत नाहीत, म्हणून क्रिएटिनिन टाळू नका.

आकडा किती खाली आणायचा हेही डॉक्टरांना तोंडावर विचारा आणि वहीत लिहून घ्या. साधारणपणे १४०/९० च्या खाली हे लक्ष्य असतं. पण ऐंशीपुढचं, हडकलेलं, तोल जाऊन पडणारं माणूस असेल तर डॉक्टर थोडी सवड ठेवतात. शेजारच्या पन्नाशीतल्या माणसाचा आकडा तुमच्या आज्जीला लावू नका.

गोळी

"एकदा लागली की जन्माची लागते, म्हणून होईल तितकं लांबवा." हे वाक्य मराठवाड्यात मी जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरं क्वचितच ऐकलं असेल. गोळीची सवय लागत नाही. बीपी कायमचा असतो, म्हणून गोळी कायमची असते. लांबवलेली वर्षं हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड भरून देतात. वजन आणि मीठ खरंच कमी केलेल्या काहींची मात्रा पुढं उतरते, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

दुसरी चूक याच्या उलटी. महिनाभरानं आकडा १३० आला की गोळी बंद. आकडा गोळीमुळंच १३० आलेला असतो. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडीन यांसारख्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळून वर येतो, त्या तर मनानं कधीच सोडायच्या नाहीत.

सरकारी दवाखान्यात सुरुवात बहुतेक वेळा ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमनं होते. पुरलं नाही तर टेल्मिसार्टन जोडतात, आणि तेही पुरलं नाही तर लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोनसारखी गोळी. फार थकलेल्या माणसाला याहून कमी मात्रेनं सुरू करतात. पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. सकाळी गोळी घेऊन दुपारी मोजायचं आणि उतरला नाही म्हणून दुसरी खायची, हे करू नका.

आता नीट लक्ष द्या. आरोग्य केंद्रातून ॲम्लोडिपिन मिळालेली असते. मग लातूरला किंवा संभाजीनगरला मुलगा खासगी डॉक्टरला दाखवतो. ते टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली एकच गोळी लिहून देतात. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं आणि औषधाचं नाव बारीक. आज्जी दोन्ही पाकिटं इमानदारीनं संपवते, म्हणजे ॲम्लोडिपिन दुप्पट जातं. आठ-दहा दिवसांत पाय सुजतात, उठताना अंधारी येते, आणि सुजेसाठी तिसऱ्याच डॉक्टरकडून लघवीची गोळी सुरू होते. हे सगळं टाळायला एकच गोष्ट पुरते: पाकिटावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेऊन वहीशी ताडायचं. कंपनी बदलली, रंग बदलला, जनऔषधी केंद्रातून घेतली, तरी आतलं औषध आणि मिलिग्रॅम तेच आहे ना, एवढंच बघायचं.

त्रास होतोय का, याकडंही लक्ष ठेवा. ॲम्लोडिपिननं घोट्याला सूज येऊ शकते. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, आणि लोक महिनोन्‌महिने खोकल्याची बाटली पीत बसतात. लघवीच्या गोळीनं म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरतं. मग सुस्ती येते, बोलणं असंबद्ध होतं, आणि घरचे म्हणतात "वयानं भ्रमिष्ट झाले". अचानक असं झालं तर रक्त तपासून घ्या. यातल्या प्रत्येकाला पर्याय आहे. त्रास झाला म्हणून गोळी फेकून द्यायची नसते, ती बदलून घ्यायची असते.

गोळी रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका, सकाळचा चहा किंवा देवपूजा. लघवीची गोळी सकाळीच, नाहीतर रात्रभर उठावं लागतं, आणि अंधारात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका. एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांत बीपीची गोळी पाण्याबरोबर घेतल्यानं उपास मोडत नाही. रोजे धरणाऱ्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून सहेरी-इफ्तारच्या वेळा ठरवून घ्याव्यात. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणाऱ्यांनी जाण्यायेण्याचे दिवस मोजून, वर आठवड्याच्या जास्तीच्या गोळ्या पिशवीत ठेवाव्यात. बीपीची गोळी घरी राहिली म्हणून वारीत कुणाला परत फिरायला लागू नये.

मीठ

दिवसाला एका माणसाला सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. रोज मोजणं कुणालाच जमत नाही, म्हणून पुडीचा हिशेब करा. दोन माणसांना महिन्याला ३०० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पुडी तीन महिने पुरायला हवी. महिन्या-दीड महिन्यात संपत असेल तर कुठं जातंय ते शोधा.

आपल्या जेवणात एक जमेची बाजू आहे. ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतं. अडचण भाकरीच्या बाजूला असते: ठेचा, लोणचं, खारातली मिरची, कारळाची नाहीतर जवसाची चटणी, पापड, खारोड्या. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, म्हणजे सोडियम आणखी वाढलं. दुपारच्या चहाबरोबर खारी, टोस्ट, शेव, फरसाण. आणि ताकात चिमूट. ज्या माणसानं सत्तर वर्षं ठेच्याशी भाकरी खाल्ली त्याला "आजपासून बंद" म्हणणं मला तरी पटत नाही, तो चोरून खाणार. ठेचा ठेवा, पण मीठ अर्धं करून लसूण, भाजलेले शेंगदाणे आणि लिंबू वाढवा. आमटीत मीठ थोडं थोडं कमी करत न्या. महिनाभरात जीभ सरावते, आणि मग दुसऱ्याच्या घरचं जेवण खारट लागायला लागतं. लोणचं-पापड सणावाराला. आमटीला लावायचा येसर मसाला विकतचा असेल तर त्यात मीठ घातलेलं आहे का ते बघून आमटीतलं मीठ ठरवा.

सैंधव मीठ चालतं असा समज फार पसरलाय. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड चांगलं असणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अर्धापूरची केळी, जालन्याची मोसंबी, पालेभाज्या, मुगाचं वरण हे बाकीच्यांनी बिनधास्त खावं. साखर असेल तर केळी जपून.

गुडघ्याची गोळी आणि झाडपाला

बीपी नीट चाललेला असताना एकदम चढला तर आधी गुडघ्यांची चौकशी करा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या गोळ्यांचा गुण कमी करतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. मेडिकलवाला "अंगदुखीची द्या" म्हटलं की बहुतेक यातलीच देतो. मोजक्या दिवसांसाठी पॅरासिटॅमॉल त्यामानानं बरी, आणि तीही विचारून. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, तेही बीपी चढवतं. बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. खोकल्यासाठी ज्येष्ठमध रोज चघळणाऱ्यांनी ते थांबवावं, त्यानं बीपी वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

तंबाखू-चुना, मिश्री, बिडी: प्रत्येक वेळी बीपी आणि ठोके वाढतात. सोडा. चालणं रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, बोलता येईल इतक्या वेगानं. झेपेल तिथून सुरुवात करा. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, करण्यासारखं आहे.

उठताना, आणि उन्हाळ्यात

म्हाताऱ्या माणसाचा बीपी बसून १४५ आणि उभं राहिल्यावर ११५ असू शकतो. अशी माणसं न्हाणीघरात पडतात. महिन्यातून एकदा पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरत असेल तर वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. उठताना आधी कुशीवर, मग बाजेच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसून, मग उभं राहायचं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं गेला की घाम वाढतो, लघवीला उठावं लागू नये म्हणून आज्जी पाणीही कमी पिते, आणि वर लघवीची गोळी चालूच असते. बीपी पार खाली येतो. उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा मोजा. वरचा आकडा ११० च्या खाली राहायला लागला, गरगरायला लागलं, किंवा जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळीचं काय करायचं ते विचारा. हिवाळ्यात उलटं होतं, थंडीत आकडा चढतो. उन्हाळ्यात कमी केलेली मात्रा दिवाळीनंतर तशीच राहिलीय का, ते तपासा.

कधी धावपळ करायची

आकडा १८०/१२० च्या वर आला पण बाकी काही त्रास नाही: शांत बसा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजा, सकाळची गोळी राहिली असेल तर घ्या. तरी तेवढाच असेल तर त्याच दिवशी दवाखाना. जिभेखाली गोळी फोडून ठेवायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून चालते, ती करू नका. बीपी एकदम कोसळून मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो.

छातीत दुखतंय, धाप लागतेय, तोंड वाकडं झालंय, एका बाजूचा हात-पाय उचलत नाही, बोलणं अडखळतंय, अचानक दिसेनासं झालंय, यातलं काहीही असेल तर आकडा कितीही असो, १०८ ला फोन करा. अंगावरून वारं गेलं म्हणून झाडपाल्याच्या गावाला न्यायची घाई आपल्याकडं होते, आणि तिथंच वेळ जातो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून तुमच्या गावापासून सीटी स्कॅन असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता आणि तिथं पोचायला किती वेळ लागतो, हे आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तोंडात पाणी, चहा किंवा गोळी घालू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. माणूस शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. निघताना वही, सगळी गोळ्यांची पाकिटं आणि आधार कार्ड एका पिशवीत घाला.